बांधाच्या पोटात

पेरू देशातल्या माचू पिच्चू या इंकांच्या डोंगरी वसाहतीचे जे छायाचित्र दिनदर्शिकांवर आणि प्रवास कंपन्यांच्या भिंतींवर सर्वत्र दिसते, ते मी वडिलांना दाखवले तेव्हा त्यांनी मागच्या सुळक्याकडे, त्याला वेढणाऱ्या ढगांकडे किंवा छप्पर हरवलेल्या दगडी घरांकडे फारसे पाहिले नाही. चश्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, उतारावर एकाखाली एक उतरत गेलेल्या अरुंद शेतांवर बोट ठेवले आणि विचारले, "एवढे ताल घातलेत, पण यांचं पाणी कुठून जातं गं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पेरूचे तिकीट काढून झाले होते, जमेल तेवढे वाचूनही झाले होते, आणि पाचाकुती या इंका राजाबद्दल किंवा सूर्यमंदिराबद्दल मी त्यांना अर्धा तास सहज सांगू शकले असते. पण हा प्रश्न मला पडलाच नव्हता. ज्या घरात पावसाळ्याचे चार महिने हाच एक प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो त्या घरात मी वाढलेली आहे, त्यामुळे तो आपल्याला पडू नये याचे मला फार वाईट वाटले.

माझे माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत आहे. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. अशा मुलखात सपाट जमीन वारशाने मिळत नाही, ती करावी लागते. शिमगा उलटला आणि कामे हलकी झाली की वाडीतली आठदहा घरे एकत्र येऊन एकेकाच्या उतारावर आळीपाळीने राबतात, आणि आमच्याकडे या कामाला पडकई म्हणतात. पुरुष पहारीने दगड सोडवतात, बायका घमेल्यांनी माती ओढतात, उताराच्या खालच्या अंगाला दगडांचा ताल रचला जातो, वरच्या अंगाची माती खणून त्याच्या मागे भरली जाते, आणि काही वर्षांत, आधी नाचणी-वरई घेत घेत, त्या जागेचे भाताचे खाचर होते. ज्याच्या शेतावर काम असते त्याने त्या दिवशीचे जेवण घालायचे असते. पैसा कोणी कोणाला देत नाही; आज तुम्ही आमच्याकडे आलात म्हणून उद्या आम्ही तुमच्याकडे येणार, एवढाच हिशेब असतो आणि तो चोख ठेवला जातो.

माझा आजा ताल रचण्यात तरबेज होता. मोठा दगड तळाला, मग मधला, आणि मागे बारीक चिपांची भर, असा त्याचा क्रम असे, आणि त्या चिपा भरताना तो कोणालाही घाई करू देत नसे. पाऊस लागला की तो डोक्यावर इरले घेऊन तालाच्या पायथ्याशी जाऊन बसायचा. दगडांच्या फटींतून झिरपणारे पाणी ओंजळीत घ्यायचा आणि पाहायचा. पाणी निवळ असेल तर तो उठून घरी यायचा, आणि गढूळ असेल तर बांधाच्या पोटातून माती निघाली असे समजून लगेच वरच्या अंगाला चर खणायला माणसे बोलवायचा. "पाण्याला दार ठेवायचं, नाय तर ते भिंत पाडून जातं," असे तो म्हणायचा.

आजा गेल्यानंतर काही वर्षांनी आमचा सर्वांत वरचा ताल खचला. तेव्हा एका योजनेतून तो सिमेंटमध्ये पक्का बांधून मिळाला. भिंत सरळ, गुळगुळीत आणि देखणी होती. वडिलांनी पाण्यासाठी तोंडे ठेवायला सांगितले होते, पण काम करणाऱ्यांनी ती ठेवली नाहीत. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या श्रावणात भिंतीने मधोमध पोट काढले आणि एका रात्री ती फुटली. खालची दोन खाचरे आवणीसकट दगडमातीखाली गेली. वडिलांच्या प्रश्नामागे ती रात्र होती, आणि म्हणून मी त्यांना वचन दिले की उत्तर पाहून येईन.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिकडचा पावसाळा सुरू होता होता, मी इंकांच्या जुन्या राजधानीला, कुस्कोला, पोहोचले. कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे, आणि पहिले दोन दिवस जिना चढतानाही छाती भरून येते. माचू पिच्चू त्या मानाने पुष्कळच खाली, २४३० मीटरवर आहे. कुस्कोहून नदीच्या खोऱ्याने आपण अँडीज पर्वताच्या पूर्वेच्या दमट, हिरव्या उतारांकडे उतरत जातो. ओयांताइताम्बोहून निघालेली आगगाडी उरुबांबा नदीच्या काठाकाठाने जाते, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात, आणि शेवटच्या स्थानकावरून वळणावळणांच्या रस्त्याने वर चढले की नदी साडेचारशे मीटर खाली राहते. दोन शिखरांमधल्या खिंडीसारख्या धारेवर ती वसाहत बांधलेली आहे. तिथल्या केचुआ भाषेत माचू म्हणजे जुना आणि पिच्चू म्हणजे शिखर. हे नाव मुळात बाजूच्या डोंगराचे आहे. जुन्या कागदपत्रांवरून काही अभ्यासकांनी अलीकडे असे मांडले आहे की इंकांच्या काळी या गावाला बहुधा वाइना पिच्चू किंवा नुसते पिच्चू म्हणत असत.

ही वसाहत इंका राजा पाचाकुतीच्या काळातली, म्हणजे पंधराव्या शतकातली आहे. तेथे सापडलेल्या हाडांच्या कालमापनावरून २०२१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनुसार माणसे तेथे १४२०च्या सुमारास राहू लागली होती आणि १५३०च्या सुमारापर्यंत राहत होती. लेण्याद्रीच्या शेजारच्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला सहाशे वर्षे म्हणजे फार प्राचीन वाटत नाहीत. परंतु लोखंड नाही, चाकाची गाडी नाही, ओढीला बैल नाही, आणि ओझ्याला फक्त लामा, तोही पंचवीसतीस किलोंपलीकडे न उचलणारा, अशा स्थितीत त्या धारेवर दगड चढवणाऱ्या हातांचा विचार केला की शतके मोजण्यात मन रमत नाही.

इतर प्रवासी सूर्यमंदिराकडे गेले तेव्हा मी वाटाड्याला विनंती करून शेतांच्या बाजूला थांबले. गावाचे तेथे सरळ दोन भाग पडतात, दक्षिणेला शेते आणि उत्तरेला घरे, आणि दोहोंच्या मधून डोंगराच्या धारेपासून खाली उतरणारा एक मोठा कोरडा चर आहे. शेतांवर पडलेले पाणी घरांकडे जाऊ नये म्हणून तो मुख्य नाला आहे. अशी आखणी आमच्या वाडीतही आहे, फक्त ती इतकी नेटकी नाही. प्रत्येक बांधाची भिंत डोंगराकडे किंचित कललेली आहे, म्हणजे मागच्या मातीचा भार ती अंगावर घेऊ शकते. भिंतीतून थोडे थोडे अंतर सोडून लांब दगड बाहेर काढलेले आहेत आणि त्यांवरून चढत एका शेतातून वरच्या शेतात जाता येते, त्यामुळे पायऱ्यांसाठी वीतभरही माती वाया गेलेली नाही. हे पाहून मला आजाची फार आठवण झाली, कारण आमच्या तालातही त्याने असे दोन दगड सोडले होते आणि आम्ही मुले त्यांवरून उड्या मारत असू.

पण वडिलांचा प्रश्न भिंतीच्या बाहेरून सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर ज्यांनी खणून शोधले त्यांत केनेथ राइट हे अमेरिकन स्थापत्य अभियंता आणि आल्फ्रेदो बालेन्सिया सेगारा हे पेरूचे पुरातत्त्वज्ञ यांची नावे घ्यावी लागतात. १९९४पासून पुढे राइट यांच्या गटाने माचू पिच्चूकडे राजवाडा म्हणून न पाहता पाणी हाताळणारी रचना म्हणून पाहिले. त्यांना दिसले ते असे की शेताच्या तळाशी मोठे दगड आहेत, त्यांवर बारीक खडी, त्यावर वाळू, आणि सर्वांत वर हाताने पसरलेली सुपीक माती. वरचे पाणी मातीतून वाळूत, वाळूतून खडीत आणि खडीतून मोठ्या दगडांच्या पोकळीत उतरते, आणि तेथून डोंगराच्या पोटात किंवा भिंतीतल्या तोंडांतून बाहेर जाते. वाळू मध्ये असल्यामुळे माती खडीत धुपून जात नाही. घरांच्या भागातही भिंतींमधून पाण्यासाठी ठेवलेली शंभराहून अधिक तोंडे मोजली गेली आहेत, आणि मधल्या मोठ्या पटांगणाच्या हिरवळीखालीही दगडांच्या ढलप्यांची जाड भर आहे. मंदिरे घडवताना दगडांचे जे तुकडे निघाले ते फेकले गेले नाहीत, ते जमिनीखाली कामाला लागले. राइट यांच्या अंदाजाप्रमाणे माचू पिच्चूच्या एकूण बांधकामातले सुमारे ६० टक्के काम जमिनीखाली आहे.

हा आकडा वाचून मी आधी थबकले होते आणि तेथे उभी असताना पुन्हा थबकले. आपण जे पाहायला जगाच्या पाठीवरून तेथे जातो ते त्या लोकांच्या कष्टांचा निम्म्याहून कमी भाग आहे. जास्तीचे कष्ट कोणाला कधी दिसू नयेत अशाच जागी घातलेले आहेत, आणि दिसणारा भाग आज उभा आहे तो त्या न दिसणाऱ्या भागामुळे. तेथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उतार अतिशय तीव्र आहे आणि खडकांतून भेगा गेलेल्या आहेत. चारशे वर्षे तेथे कोणी चर साफ केला नाही की खचलेला दगड पुन्हा बसवला नाही. जंगल माजले, मुळे शिरली, तरी बहुतेक शेते डोंगराला धरून राहिली.

पिण्याच्या पाण्याची सोय मात्र वेगळी आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. डोंगराच्या उत्तर उतारावरचा एक झरा बांधून काढून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने पाणी गावात आणलेले आहे आणि ते एकाखाली एक अशा १६ कुंडांतून खेळवलेले आहे. पहिले कुंड राजाच्या निवासाजवळ आहे. हा पाट शेतांच्या बाजूने जातो, पण शेतांना त्याचे पाणी दिलेले नाही. पाऊस पुरेसा होता आणि शेतांपुढची अडचण पाणी आणण्याची नव्हती, ते वेळेत काढून देण्याची होती. आमच्या डोंगराळ भागात श्रावणात पाणी काढायचे आणि फाल्गुनात तेच पाणी डोक्यावरून आणायचे असे दोन्ही करावे लागते, त्यामुळे हा फरक माझ्या लगेच ध्यानात आला.

या शेतांवर वसाहतीचे पोट भरत होते असे मात्र समजू नये. ती सगळी मिळून पाच हेक्टरांच्या घरात आहेत, आणि भरगच्च दिवसांत तेथे साडेसातशेपर्यंत माणसे राहत असावीत असा अंदाज आहे. हाडांच्या रासायनिक तपासणीवरून त्यांच्या आहारात मका मुख्य होता हे कळते, आणि तो खालच्या खोऱ्यातून येत असला पाहिजे. राजाच्या खासगी मालकीची ही जागा होती. तो अधूनमधून येई. बारा महिने राहत ते त्याचे सेवेकरी, ज्यांना यानाकोना म्हणत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की ही माणसे साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांतून, काही तर अ‍ॅमेझॉनच्या जंगलाकडून आलेली होती. ती आपल्या खुशीने आली होती असे मानण्याचे कारण नाही. इंकांच्या राज्यात मिता नावाची सक्तीची श्रमसेवा होती आणि मोठी बांधकामे तिच्या बळावर झाली. त्याच समाजात आइनीही होती. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतावर राबायचे आणि त्याने ते पुढे तसेच फेडायचे, ही आइनीची रीत आमच्या पडकईहून, किंवा देशावरच्या सावडीहून, काही निराळी नाही. मिता गेली, राजे गेले. आइनी मात्र तिकडच्या गावांत अजून चालते. बांध पाहून भारावलेल्या मनाने या दोहोंची गल्लत करू नये असे मला तेथे तीव्रतेने वाटले, कारण दगड उचलण्याचे कष्ट तेच असले तरी संध्याकाळी जेवायला कोणाच्या घरी बसायचे याने त्या कष्टांचा अर्थ बदलतो.

माचू पिच्चूच्या शोधाची गोष्ट सांगताना २४ जुलै १९११ हा दिवस आणि हायरम बिंगॅम या अमेरिकन प्राध्यापकाचे नाव सांगितले जाते. त्या दिवशी सकाळी मेल्चोर आर्तेआगा नावाचा स्थानिक शेतकरी सोल या तिथल्या एका नाण्याच्या मोबदल्यात त्याला वर घेऊन गेला. वर काय होते, तर दोन शेतकरी कुटुंबे, रिचार्ते आणि आल्वारेस. सैन्यभरती आणि करवसुली यांपासून दूर म्हणून ती काही वर्षांपूर्वी तेथे येऊन राहिली होती आणि इंकांच्याच शेतांवरची झाडी तोडून, जाळून मका, बटाटे, ऊस, घेवडा, मिरच्या पिकवत होती. त्यांनी दमलेल्या पाहुण्यापुढे भोपळ्यातून थंड पाणी आणि शिजवलेली रताळी ठेवली, आणि घरातला एक लहान मुलगा त्याला अवशेष दाखवायला पुढे झाला. त्याआधी १९०२ साली आगुस्तिन लिसारागा या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने तेथल्या भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहून ठेवले होते. बिंगॅमने जगाला ती जागा कळवली आणि त्याचे श्रेय त्याला आहेच. पण ज्या शेतांना हरवलेली म्हटले गेले त्या शेतांतले रताळे खाऊन तो शोध सुरू झाला, हे मला विसरता येत नाही. चारशे वर्षे पडीक असलेल्या जमिनीवरची झाडी काढली आणि तीत लगेच पीक आले, यापेक्षा त्या बांधांना मोठी पावती कोणी द्यायची?

माचू पिच्चूहून परतल्यावर मी कुस्कोजवळच्या पिसाकच्या वरच्या अंगाला एका गावात तीन दिवस राहिले, आणि खरे सांगायचे तर डोंगरी शेतीचा जीव मला तेथे सापडला. अँडीजमध्ये उंची हेच पंचांग आहे. खाली खोऱ्यात मका, त्याच्या वर बटाटा आणि त्याच्यासारखी इतर कंदपिके, आणि चार हजार मीटरांच्या पुढे, जेथे पीक फारसे येत नाही तेथे, लामा आणि अल्पाका यांची कुरणे. जॉन मुर्रा या अभ्यासकाने दाखवून दिले की अँडीजमधला एकेक समाज या सगळ्या पायऱ्यांवर थोडी थोडी जमीन राखून असे, म्हणजे एका उंचीवर गारठ्याने पीक गेले तरी दुसऱ्या उंचीवरचे हाती लागते. बांधांचा तेथे आणखी एक उपयोग आहे. दिवसभर उन्हात तापलेले दगड रात्री ती ऊब हळूहळू सोडतात आणि मुळांना गोठण्यापासून थोडे वाचवतात.

ज्या घरी मी उतरले होते तेथे बटाट्याची लागण चालू होती. चाकिताक्या नावाचे पायाने दाबायचे औत पुरुष जमिनीत रोवत होते. लांब दांडा, खाली टोकदार फाळ, पाय ठेवायला आडवी पट्टी आणि हाताला धरायला वाकडी मूठ, असे त्याचे रूप असते. दोन पुरुष एका ओळीत एकाच वेळी फाळ दाबून ढेकूळ उचलत आणि समोर गुडघ्यांवर बसलेली बाई ते हाताने उलटे करी. १६१५च्या सुमारास ग्वामान पोमा या तद्देशीय लेखकाने स्पेनच्या राजासाठी जो प्रचंड सचित्र ग्रंथ लिहिला, त्यात ऑगस्टच्या नांगरणीचे हेच चित्र आहे. पुरुष उभे आहेत आणि बाया ढेकळांपाशी वाकलेल्या आहेत. काम सुरू करण्यापूर्वी घरधनिणीने मक्याच्या आंबवलेल्या पेयाचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि पाचामामाचे, म्हणजे धरणीमायचे, नाव घेतले. आमच्याकडे खळ्यावर कणसरीचे नाव घेतल्याशिवाय भात मापत नाहीत. मी हात जोडले, आणि तिला ते सांगावे लागले नाही.

बेण्याची टोपली मात्र मी विसरू शकत नाही. जांभळे, काळे, पिवळे, लाल डोळ्यांचे, आल्यासारखे गाठाळ, बोटांसारखे लांब असे एकाच टोपलीत तिने बावीस प्रकार मोजून दाखवले आणि प्रत्येकाचे नाव सांगितले. एकाचे नाव पूमाचा पंजा. दुसऱ्या अतिशय गाठाळ बटाट्याच्या नावाचा अर्थ आहे सुनेला रडवणारा, कारण नव्या सुनेने तो न मोडता सोलून दाखवायचा असतो. अँडीजमध्ये बटाट्याचे चार हजारांहून अधिक स्थानिक वाण नोंदले गेले आहेत, आणि लिमा येथे १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र ते जपण्याचे काम करते. पिसाकच्या डोंगरावरच्या केचुआ गावांनी एकत्र येऊन आपले वाण शेतातच राखायचे ठरवले आहे, आणि त्या केंद्राने पूर्वी गोळा केलेल्या शेकडो वाणांचे बेणे त्यांना परत दिले आहे. इतके वाण एकत्र का लावायचे, असे मी विचारले, तेव्हा दुभाष्यामार्फत उत्तर आले की एखाद्या वर्षी गारठा काही वाणांना खातो, एखाद्या वर्षी रोग काहींना खातो, सगळ्यांना मिळून कोणी खात नाही. मात्र अलीकडे ऊब वाढली आहे, कीड वर चढू लागली आहे आणि तिच्यामागोमाग बटाटाही पूर्वीपेक्षा उंचावर न्यावा लागतो आहे. डोंगराला माथा असतो, तेव्हा असे किती वर्षे चढत जाता येईल, हा प्रश्न तिने विचारला नाही, पण बोलताना तिने वर पाहिले.

घराच्या माळ्यावर पोत्यात काळपट, खडबडीत, वजनाला पिसासारखे हलके गोळे होते. तो चुन्यो. जून-जुलैच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरून गोठू द्यायचे, दिवसा उन्हात मऊ पडले की पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे आणि असे काही दिवस करून खडखडीत वाळवायचे. जे कडू वाण तसेच खाता येत नाहीत तेही, अशा रीतीने गोठवून, तुडवून वाळवले की, खाण्याजोगे होतात. हा साठा वर्षानुवर्षे टिकतो, आणि इंकांच्या डोंगरउतारांवरच्या हवेशीर कोठारांत तो मक्याबरोबर भरलेला असे. जी थंडी पिकाची वैरीण, तिलाच त्यांनी कामाला लावले. आमच्या आजीच्या कुरडया-सांडग्यांच्या उन्हाळ्याची आठवण मला तेथे झाली, आणि बटाट्याचा कीस वाळत घातलेले आमचे अंगणही डोळ्यांपुढे आले.

तो बटाटा आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि त्याचे मराठी नावही त्यांच्याकडूनच आले. केचुआत त्याला पापा म्हणतात. बटाटा हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरचा, आणि तो रताळ्याचा! म्हणजे एकादशीच्या ताटात आपण ज्या दोन कंदांना शेजारी शेजारी वाढतो, त्यांतल्या एकाने दुसऱ्याचे नाव घेतलेले आहे. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आहे आणि राजगिऱ्याचा सख्खा भाऊ किविचा म्हणून आजही अँडीजमध्ये पिकतो. देवशयनीला माझी आई जे ताट वाढते त्यातले निम्मे अन्न त्या डोंगरांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी माणसाळवलेले आहे, हे त्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून साल काढलेला गरम बटाटा मिरचीच्या वाटणाबरोबर खाताना मला प्रथमच नीट उमगले.

त्याच गावच्या वाटेवर मला पडीक बांधही पुष्कळ दिसले, उतारच्या उतार. स्पॅनिश स्वारीनंतर आलेल्या साथींनी माणसे मेली, आणि १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना नव्या गावांत कोंबले. राबणारे हातच दूर गेले तेव्हा बांध ढासळले. अ‍ॅन केंडल या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९७०च्या दशकापासून कुसिचाका आणि पाताकांचा या खोऱ्यांत काही जुने पाट आणि बांध गावकऱ्यांबरोबर पुन्हा उभे केले. दुरुस्ती सिमेंटने करायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. माती, वाळू, दगड आणि निवडुंगाचा चिकट रस यांचे मिश्रण त्यांनी वापरले, कारण ते जमिनीबरोबर हलते आणि तडकत नाही. हे मला कळले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले. आमच्या फुटलेल्या भिंतीबद्दल वडील इतकी वर्षे जे म्हणत होते ते वेडेपणाचे नव्हते.

माचू पिच्चूवरच्या त्या दुपारी पाऊस आला होता, हे सांगायचे राहिले. तासभर तो चांगलाच कोसळला. माणसे आडोशाला गेली. मी प्लास्टिकचे इरलेवजा कापड अंगावर घेऊन शेतांच्या कडेला उभी राहिले. बांधावरच्या गवतात पाणी साचलेले दिसले नाही, भिंतीवरून ओघळही आले नाहीत. पाऊस जमिनीत शिरत होता आणि जणू कोठेच जात नव्हता. पाऊस थांबल्यावर बऱ्याच वेळाने, खाली उतरताना एका भिंतीच्या पायाशी, दोन दगडांच्या मधल्या तोंडातून करंगळीएवढी धार बाहेर येताना मला दिसली. मी तिच्याखाली ओंजळ धरली. पाणी निवळ होते.

घरी आल्यावर मी वडिलांना वहीत काढून आणलेला शेताचा उभा छेद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि वाळूच्या थरावर बोट ठेवून म्हणाले, "हे आपण करत नव्हतो. पण इथं वर वाळू कुठून आणायची?" शेवटी मुरूम चाळून बारीक खडा घ्यायचा असे ठरले. फाल्गुनात नऊ घरे आमच्याकडे पडकईला आली. वडिलांना आता पहार झेपत नाही, तेव्हा ते खाटेवर बसून दगडांचे ढीग वेगळे करवून घेत होते, मोठे एकीकडे, मधले एकीकडे, चिपा एकीकडे. फुटलेल्या सिमेंटच्या भिंतीचे तुकडेही त्यांनी फेकू दिले नाहीत, ते तळाच्या भरीत गेले. आईने आणि चुलतीने नऊ घरांचा स्वयंपाक केला. ताल पुरा व्हायला अकरा दिवस लागले आणि नंतर आम्हीही आळीपाळीने त्या नऊ घरी जाऊन आलो.

आषाढात पाऊस तीन दिवस थांबला नाही. मी पुण्यात होते. चौथ्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज एवढा होता की त्यांना दोनदा सांगावे लागले.

"अगं, तालाखालून आत्ताच आलो. ओंजळीत घेऊन पाहिलं. निवळ येतंय."